मढचा प्रोसेसर

सोमवार, ३ मार्च

बंद. सकाळपासून बंद. पंखे फिरतात, कॅबिनेटच्या आत लाल-हिरवे-निळे दिवे नाचतात आणि स्क्रीन काळी ठिक्कर. गणपतीची आरास करून मूर्तीच आणायला विसरल्यासारखं!

काल भरतदादाने दुकानाचा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने अपग्रेड केला. नवा प्रोसेसर, नवी रॅम, नवी डिस्क. मी म्हटलं होतं, नारायणगावला नेऊ, ते बसवून देतील. "त्यात काय न्यायचं? चार स्क्रू तर हायेत. मी व्हिडिओ बघितलाय." व्हिडिओ अकरा मिनिटांचा. दादाला पाच तास लागले. शेवटी दोन स्क्रू उरले. ते खिशात टाकून म्हणाला, "कंपनी जास्तीचे देती."

आज चालू होत नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न मलाच – "तू कशाला हात लावलास, हर्षाली?" दुकानाच्या पाटीवर 'भरत डिजिटल'. फ्लेक्सची सगळी डिझाइन सहा वर्षं मी करते. पाटी त्याची, चूक माझी.

आईचं निदान वेगळंच. नव्या वस्तूला नारळ फोडला नाही. तिच्या मते आमच्या डिंगोऱ्यातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी याच कारणाने जळाल्यात.

मंगळवार, ४ मार्च

नारळ फोडला. खोबरं गोड निघालं. कॉम्प्युटर आहे तसाच.

बुधवार, ५ मार्च

पेठहून सुनील आला. मावशीचा मुलगा, 'आयटीत' आहे – म्हणजे पुण्यात एका आयटी कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं कॉम्प्युटरवर घेतो. पण गावाकडे आला की गळ्यातलं कार्ड काढत नाही. जेवतानासुद्धा.

त्याने कॅबिनेटला कान लावला. डोळे मिटले. मग दादाकडे बघून मान हलवली.

"मदरबोर्ड गेला, दादा."

"कशावरून?" मी विचारलं.

"आवाजावरनं कळतं."

आवाज पंख्याचा होता. हे मी बोलले नाही. बोलून काय उपयोग, मी काही आयटीत नाही.

हे चालू असताना गावचे पुढारी बाळासाहेब आले. शनिवारी महिला दिन, चौकात मोठा फ्लेक्स हवा. सोबत फोटोंची यादी. अकरा फोटो, अकराही पुरुष, मधोमध बाळासाहेब कमरेपर्यंत. मी विचारलं, यात बाईचा एकही फोटो नाही? "घ्या की एखादी नेटवरनं. हात जोडल्याली बघा." कॉम्प्युटर बंद आहे म्हटलं, तर हसत म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फाइल द्या. न्हाईतर यंदाचं समदं काम दुसरीकडं द्यावं लागंल, राव." चहा पिऊन गेले. दादाचा चेहरा पडला. आमचं निम्मं काम त्यांचं आणि त्यांच्या माणसांचं. ते गेलं तर उरतं काय? दहावे आणि वाढदिवस.

सगळे गेल्यावर मी नव्या प्रोसेसरचा खोका उघडला. आत माहितीपुस्तिका, प्लॅस्टिकही न फाडलेली. मग फोनवर बोर्डाच्या कंपनीची यादी शोधली. दीड तास गेला, पण कळलं. बोर्ड जुना आहे, त्याला हा नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. आधी जुना प्रोसेसर परत बसवायचा, बोर्डाच्या आतला प्रोग्राम नवा करायचा, मग नवा बसवायचा. काही जळलेलं नाही, काही गेलेलं नाही.

"जुना प्रोसेसर कुठंय?"

दादा दरवाजाकडे बघायला लागला. सुनीलने नेला म्हणे. मढच्या बायकांच्या गटाला तो जुना कॉम्प्युटर जोडून देत होता, त्यांना हवा होता. रविवारीच बसवून आला. दादाने त्याचं स्टेटसही ठेवलं होतं – 'दुर्गम भागातील भगिनींना छोटीशी भेट'. दहा किलोमीटरवरचा दुर्गम भाग!

गुरुवार, ६ मार्च

मढला जाऊन आले. जीपमध्ये चौदा जण आणि एक बकरी. जागा बकरीला मिळाली.

गटाचं ऑफिस म्हणजे एक खोली. एका भिंतीला हिरड्याची पोती, दुसरीला टेबल, त्यावर कॉम्प्युटर. मंगलताई गटाचं सगळं लिहिणं-टायपणं बघतात. चाळिशीच्या असतील. शेजारी खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई, लंकाबाई. त्या बोलत होत्या आणि मंगलताई टाइप करत होत्या. गावाच्या वनहक्काच्या दाव्यासाठी म्हाताऱ्या माणसांचे जबाब चाललेत – कुठल्या रानातून हिरडा आणायचो, कुठे गुरं चारायचो, कुठलं पाणी प्यायचो. सोमवारी फाइल जुन्नरला द्यायची शेवटची तारीख.

मला फार संकोच वाटला. तरी मागितला.

मंगलताईंनी जरा विचार केला. "उद्या सकाळी मिळंल ना? अजून सहा जणांचं ऱ्हायलंय."

"पहिल्या जीपने पाठवते."

"मग न्या की. तुमचाच तर व्हता."

वाटलं, आता काढायचं मलाच बघावं लागेल. पण त्यांनी स्वतः कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा हाताने डावीकडे-उजवीकडे अगदी हळू फिरवत सोडवला, तव्यावरची भाकरी सोडवावी तसा. "आत्ता चालू व्हता म्हणून ऊन हाय. थंड असला तर आधी चालवायचा, मग काढायचा. न्हाईतर पंख्याखालची पेस्ट धरून ठेवती." कुठे शिकलात म्हटलं, तर म्हणाल्या, "सुनीलभाऊ बसवून गेलं आन् लगीच बंद पडला. मग मीच तीनदा खोलला." प्रोसेसर स्पंजात ठेवून डबीत घालून दिला. लंकाबाईंनी विचारलं, "यवढुसंच व्हय गं डोकं त्याचं?"

दुपारी दुकानात बसवला. पेनड्राइव्हवरून बोर्डाचा प्रोग्राम नवा केला. सात मिनिटं लागली. तेवढा वेळ दादाला बटणांपासून लांब उभा केला, भिंतीला पाठ लावून. मग जेवायला गेलो, येऊन जुना काढायला घेतला. पंखा निघेना. जोर लावला, तर पंख्याबरोबर प्रोसेसरही उपटून हातात आला. डबीत टाकला, नवा बसवला, बटण दाबलं – आणि चालू! स्क्रीनवर अक्षरं आली तेव्हा आईने हात जोडले.

दादा म्हणाला, "म्हणलं व्हतं ना, चार स्क्रूंचं काम हाय."

दहा मिनिटांत स्टेटस – 'मेहनतीला यश. नवीन मशीन चालू. प्रो. भरत.' सुनीलने खाली तीन अंगठे टाकलेत. मदरबोर्ड आवाजावरून ओळखणारा सुनील!

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी आठपासून महिला दिन. अकरा पुरुषांचे मागचे पडदे काढले, अकरा जणांना गोरं केलं, दोघांच्या टकलावर केस आणले. बाळासाहेबांचा फोन पाच वेळा. त्यांचा फोटो इतरांपेक्षा दोन बोटं मोठा हवा, पण 'तसं दिसायला नको'. बाईचा फोटो शेवटी सापडला. खालच्या कोपऱ्यात जेवढी जागा उरली तेवढ्यात बसवला.

फाइल साडेपाचला गेली. छापून उद्या पहाटे लागेल.

डबी पाठवायची राहिली. पहिली जीप गेली तेव्हा मी फोटो कापत होते. दुसरी गेली तेव्हा आठवण होती, पण उठवलं नाही. मंगलताईंचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत – काय सांगणार? उद्या पाठवते. टायपिंग तर आहे, एका दिवसात होईल.

शनिवार, ८ मार्च

मढच्या जीपवाल्या जानकूकडे डबी दिली. 'मिळाला' एवढाच मेसेज आला. चौकात फ्लेक्स लागलाय. त्या हात जोडलेल्या बाईच्या तोंडावरून बांधायची दोरी गेलीय. अकरा जण मात्र अगदी स्पष्ट.

रविवार, ९ मार्च

हे मढच्या खोलीत बसून लिहितेय.

सकाळी मंगलताईंचा फोन आला, काल दुपारपासून कॉम्प्युटर सुरूच होत नाही. आले. प्रोसेसर काढून उलटा धरला. कोपऱ्यातल्या दोन पिना वाकलेल्या. डबीतला स्पंज कोरडा, जागच्या जागी. वाटेत काही झालेलं नाही. गुरुवारी मीच उपटला होता. त्यांनी कसा काढायचा ते समोर दाखवलं होतं, तरी. सुईने एक पिन सरळ केली. दुसरी तुटली.

शुक्रवारी फोन का उचलला नाही, हे मंगलताईंनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आता कागदावर लिवून काढू. किती होत्यात बघू." आणि दप्तरातून कोरे कागद काढायला लागल्या.

दादाला फोन करून सगळं खरं सांगितलं. जीपचं, न उचललेल्या फोनचं, पिनेचं. वाटलं, आता गेल्या सोमवारपासूनचं सगळं परत ऐकवेल. तो म्हणाला, "थांब तिथंच." तासाभरात टेम्पो घेऊन आला. आमचा कॉम्प्युटर आईच्या गोधडीत गुंडाळलेला, वर प्रिंटर. दुकान बंद करून आला होता. त्यांची डिस्क आमच्या मशीनला जोडली. एकही जबाब गेलेला नाही.

सहापैकी चार जबाब झाले. लंकाबाई शेजारच्या घरांतून म्हाताऱ्यांना एकेक करून घेऊन येतायत. मंगलताई टाइप करतात, मी छापते. दादा जमिनीवर बसून पानं लावतोय. उद्या सकाळी तोच मंगलताईंना जुन्नरला घेऊन जाणार आहे.

मघाशी त्यांना विचारत होता, "ताई, ती पिन जोडता येती का?" 'तू कशाला हात लावलास' हे आज एकदाही म्हणाला नाही. मला त्याच्याकडे बघवत नाही.