चिमीच्या गालावरचा डाग

३ मार्च
चिमीचा गाल सुजलाय. दाढ दुखतेय म्हणे! वहिनी मला जवळ फिरकू देत नाही. "झोपलीय ती, वन्सं." मी माझ्या लेकाला, सोन्याला, घेऊन माहेरी आले तेव्हा ही माझी भाची कशी गुटगुटीत होती! दादाची ही दुसरी बायको आली आणि पोर वाळत चालली. गिरणी बंद पडल्यापासून सगळ्यांचीच ओढाताण आहे, मान्य. पण गोवरातून उठलेल्या पोरीला नुसतं भाताचं पाणी?

५ मार्च
चिमीच्या तोंडावर सतत फडकं. खोलीत घाण वास — उंदीर मेल्यासारखा. वहिनी काहीतरी लपवतेय.

६ मार्च
पाहिलं! वहिनी नळावर गेली तेव्हा फडकं उचललं. गालावर बटणाएवढा काळा डाग. चटका दिलाय — दुसरं काय! दादाला सांगितलं तर म्हणतो, "उगाच काहीबाही बोलू नकोस." बायकोच्या पार मुठीत गेलाय. ती आत रडत होती. नाटकं!

७ मार्च
चिमीला उचललं नि थेट सरकारी दवाखाना गाठला. वहिनी अनवाणी मागे धावत आली. तिच्यादेखतच डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "सावत्र आई आहे. हिनंच भाजलंय."
बाईंनी चिमीचं तोंड उघडून बराच वेळ पाहिलं. "भाजलेलं नाही हे. आतून सडत आलंय. आधी गोवर, त्यात पोटाला पुरेसं नाही — अंगात ताकदच उरली नाही. हिरडीतून रक्त येतं, मग बघता बघता गाल खाऊन टाकतं. तेव्हाच आणलं असतंत तर औषधानं थांबलं असतं. आता जीव वाचवू, पण गालाला भोक पडणार."
मग वहिनीला, "का नाही आणलंत?"
"आणणार होते. पण ह्या म्हणाल्या असत्या, मीच काहीतरी केलं."
बघा! माझ्यावरच उलटली!

९ मार्च
वहिनी दवाखान्यातच. चिमीला नळीनं दूध देतात. मला अजून पटत नाही. गोवर तर सोन्यालाही झाला. सगळे एकाच पातेल्यातलं जेवतो. मग चिमीलाच का?

१० मार्च
सकाळी सोन्यानं चूळ भरली — पाणी लाल! हिरडीवर करडा थर. मी ओरडलेच. वहिनी चिमीचे कपडे न्यायला आली होती. काही न विचारता तिनं सोन्याला कडेवर घेतलं. "चला वन्सं. अजून वेळ गेलेली नाही."