चौथ्या मजल्यावरचं बिऱ्हाड

मंगळवार, ११ जून

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या सेक्रेटरीने गच्चीच्या दारापुढचं सगळं सामान उचलून कचऱ्याच्या गाडीत घातलं. वेळेबद्दल शंका नको. चारची गोळी घ्यायला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून मी घड्याळाकडेच बघत होते, तेवढ्यात वरून पुठ्ठा फाडल्याचा आवाज आला. माझे गुडघे वर पोचेपर्यंत तिथे ओली फरशी तेवढी उरली होती. झाडूवाली म्हणाली, "मी नाही हो बाई, साहेबांनी करायला लावलं."

काय काय गेलं ते लिहून ठेवते. बुटांची दोन खोकी, म्हणजे पलंग. पुठ्ठ्याचं दार, त्यावर खडूने काढलेली कडी. बरणीच्या झाकणाची घंटा. माझी जुनी चटई. आणि एक पाटी – "चौथा मजला. हळू बोला."

आमच्या इमारतीला तीनच मजले आहेत. चौथा माझ्या नातीने बांधला. वय वर्षं आठ. मी तिला खारूताई म्हणते.

शाळेतून आली, दप्तरासकट वर गेली, खाली आली. रडली नाही. म्हणाली, "आजी, त्यांना कुठे पाठवलं?"

बुधवार, १२ जून

सेक्रेटरीला पत्र दिलं. टपाल खात्याच्या तक्रार विभागात चौतीस वर्षं काढली आहेत. लहानपणी कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, राग जितका जास्त तितकं अक्षर सरळ हवं. माझं आजचं अक्षर पट्टीने आखल्यासारखं आलं.

तो म्हणाला, "अहो आजी, पोरखेळ तो. उद्या आग लागली तर जिना मोकळा नको का?"

मी म्हटलं, "आजी तुमच्या घरी. मला पोच द्या."

दिली. सहीखाली तारीख घालायला विसरला होता, ती घालून घेतली.

गुरुवार, १३ जून

मुलगा आणि सून फेब्रुवारीपासून भांडताहेत. सुनेला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे. एक जुलैला हजर व्हायचंय. तो म्हणतो, तू खुशाल जा, पोरगी इथेच राहील. ती म्हणते, पोरीला घेतल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. मग दोघं माझ्याकडे बघतात. मी ताटं उचलून आत जाते.

खारू आधी कानांवर उशी धरायची. मग एके दिवशी वर जायला लागली. मला एकदाच बोलावलं होतं. घंटा वाजवून आत जावं लागलं. तिथे आई, बाबा आणि एक लठ्ठ आत्या राहतात. त्यांच्याकडे कुणी दार आपटत नाही, कारण दार पुठ्ठ्याचं आहे. जेवताना कुणी तावातावाने उठून जात नाही, कारण खुर्च्या फार जड आहेत. "आणि आत्याला सगळं ऐकू येतं," खारू म्हणाली, "पण ती आत निघून जात नाही."

मी तेव्हा हसले होते.

शुक्रवार, १४ जून

पाच वाजता पुन्हा सुरू झालं. निमित्त काय, तर गीझर बंद करायचा राहिला. खारू वर गेली आणि दोनच मिनिटांत परत आली. "ते नाहीत," म्हणाली. मग न्हाणीघरात जाऊन बसली, नळ सोडून. पाऊण तास पाणी वाहत होतं. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी.

शनिवार, १५ जून

सेक्रेटरीचं उत्तर आलं. शिक्क्यासकट! "इमारतीच्या मंजूर नकाशात चौथा मजला आढळत नाही. सबब सदर मजल्यावरील रहिवाशांच्या सामानाबाबत तक्रार दाखल करून घेता येत नाही."

कायद्याने बिनचूक आहे. म्हणूनच अंगाची आग झाली. दुसऱ्या पत्राचे तीन मसुदे केले. जेवणाच्या टेबलावर पसरले होते, ते सुनेने बाजूला सारले.

"आई, त्या माणसाला किती पत्रं लिहाल?"

"उत्तर मिळेपर्यंत."

"आणि तुमच्या मुलाला? त्याला दोन शब्द कधी सांगणार?"

"तुमच्या दोघांच्या मधे मी पडत नाही."

"पडू नका. पण घरात आहात ना?"

भाजी करपली.

रविवार, १६ जून

वाण्याकडून चांगला जाड पुठ्ठा आणला. कात्री, गोंद, खडू, सगळं मांडून बसले. खारूने लांबूनच पाहिलं. "नको आजी. तू बांधलंस तर ते खालचंच होईल."

सोमवार, १७ जून

सकाळी मुलाशी बोलायचं ठरवलं. तो बूट घालत होता. मी म्हटलं, "पोरीचं काय चाललंय ते बघ जरा." तो नाडी बांधता बांधता म्हणाला, "आई, तू नक्की कुणाच्या बाजूची?"

मी म्हटलं, "कुणाच्याच नाही."

हे बोलून तासभर मला स्वतःचा अभिमान वाटला. मग भांडी आवरताना लक्षात आलं, की आम्ही दोन माणसं एकमेकांशी बोललो आणि तिसरं माणूस सबंध वेळ दाराशी दप्तर घेऊन उभं होतं.

मंगळवार, १८ जून

या वहीत घडी घातलेला कागद सापडला. पट्टीने आखून लिहिलेला. तसाच चिकटवते.

"प्रति, आजी, तिसरा मजला.

विषय – खारूला न विचारल्याबद्दल.

महोदया, आम्ही आता पाण्याच्या टाकीमागे राहतो. आमच्याकडे गॅस नाही, म्हणून आम्हाला मूल सांभाळता येणार नाही. खारूला कुणाकडे राहायचं आहे हे तुमच्या घरात तिला कुणीच विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. तिचं उत्तर ठरलेलं आहे. ते आधी तुम्ही ऐकावं आणि मग आत न जाता त्या दोघांना सांगावं. सांगणार की नाही, हे शुक्रवार, २१ जून, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं.

आपली, आत्या, चौथा मजला."