कार्ड टेकवलं, पण मशीन लालच

प्रिय बाबा, तुमाले आन् आईले जय भीम.

मी मजेत आहो. इथी कॉलेजच्या लॅबमंदी कार्ड टेकवल्याशिवाय कॉम्प्युटर चालूच होत नाई. काल स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. मी पाच वेळा कार्ड टेकवलं, पण मशीनचा दिवा लालच! मले रडूच आलं. लॅबवाल्या गुणाबाईनं कार्ड पाह्यलं आन् हासाले लागल्या, "पोरी, हे तं ताडोबाच्या गाइडचं आहे! हा मिशीवाला कोन?"

घरून निघताना घाईत खुंटीवरचं माह्यं सोडून तुमचंच कार्ड उचललं, बाबा. बाईनं सरले सांगून मले बसवलं. फॉर्म भरला, काळजी करू नोका.

तुमचं कार्ड यातच धाडलं आहे. आईचा गुडघा कसा आहे? आन् खरं सांगा, ताडोबाच्या मोहर्ली गेटवर माह्या फोटोवर तुमाले आत कोनं सोडलं?

तुमची लाडाची,
संघप्रिया