मंगलचं जास्तीचं वर्ष

११ मे
महापालिकेचं पत्र आलं. मंगल १ जूनला अठरा पूर्ण करते, त्या दिवशी तिनं बालगृह सोडावं. इमारत त्यांची, मुली सांभाळायच्या आमच्या संस्थेनं, करार अठरापर्यंतचा. महापालिकेतले आधीचे साहेब फोनवरच म्हणायचे, 'बारावी होऊ द्या, मग बघू.' नव्या पाटील मॅडम फोनवर काही कबूल करत नाहीत.
धुळ्याला मोठ्या मुलींच्या वसतिगृहात एक जागा आहे म्हणे. पण चौथीत आजारपणात एक वर्ष गेलं, त्यामुळे बारावी सायन्स आत्ता; मध्येच कॉलेज बदलायचं? इथले सर, इथली लॅब...
इथे पिंप्राळ्यात आज पंखासुद्धा गरम वारा टाकतोय.

१३ मे
आमच्या बहुतेक मुलींचा वाढदिवस १ जून. जन्माची नोंद नसली की शाळेत हीच तारीख टाकतात. दरवर्षी एकच केक, आणि सुरी कोणी धरायची यावरून भांडण.
तारखेचं ठीक. मंगलचं जन्मवर्ष मात्र मी लिहवून घेतलं होतं. इतक्या वर्षांत कुणाला बोलले नाही, इथेही लिहिलं नाही.
ती आणि रेखा एकाच दिवशी आल्या, एकमेकींचे फ्रॉक मुठीत धरून. रेखा सहाची. मंगलच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, अंदाजे पाच. पहिलीला सहा लागायची. दोघींना वेगळं करवेना. शाळेच्या क्लार्कला म्हटलं, 'सहाच लिहा हो, एका बाकावर बसतील.' त्यानं लिहिलं.
रेखाला तिची मावशी दोन महिन्यांत वरणगावला घेऊन गेली. मंगलचं वर्ष तसंच राहिलं. खरं वय धरलं तर तिला इथे अजून एक वर्ष राहता येईल.

१६ मे
कोठारीभाऊंच्या दुकानात. संस्थेचे सचिव, आधी त्यांनाच सांगायला हवं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर साड्यांच्या ढिगाशेजारी बसून सांगितलं.
'ताई, तुम्ही? कॉन्व्हेंटवाल्या?' हसले. मग हसू गेलं.
'एकीचं वय खोटं निघालं की मॅडम बाकीच्या अकराजणींचे कागद काढणार. करार मोडला तर त्यांना ठेवू कुठे, माझ्या गोडाउनमध्ये?'
'डॉक्टरांची चिठ्ठी आहे अजून फाइलीत.'
'आहे ना? असू द्या तिथेच.'
चहा मागवला त्यांनी. माणूस वाईट नाही. बरोबर बोलतो, हाच त्रास.

१९ मे
बालगृहात गेले. स्वयंपाकाच्या सखूअक्का भाकरी थापत होत्या. 'बठ्ठा कागद शेतस, पन पोरले जागा नही. कसं सरकार शे हाई?' त्या सगळ्या कागदांतला एक माझा आहे, हे सांगायचं धाडस झालं नाही.
मंगलला मात्र व्हरांड्यात बसवून सांगितलं.
'म्हणजे मी सतराची?'
'हो.'
'तरीच फिजिक्स डोक्यात शिरत नाही. बच्ची आहे मी!' खूप हसली. मग ओढणीचं टोक गुंडाळत बसली.
'रेखासाठी केलंत ना? ताई, मला रेखाचा चेहरापण आठवत नाही.'


२२ मे
आज सारखी कॉन्व्हेंटची शाळा आठवते. ख्रिस्ती मुली शनिवारी कन्फेशनला, फादरपुढे चुका कबूल करायला, जायच्या आणि बाहेर येऊन लगेच चिंचा खायच्या. मला किती हेवा वाटायचा. सिस्टरना विचारलं होतं, मला नाही का जाता येणार? म्हणाल्या, तू ज्याचं नुकसान केलंस त्यालाच जाऊन सांग. तेव्हा वाटलं, हे तर फार सोपं.
सांगून झालं. हलकं काही वाटत नाही.

२५ मे
मंगलला घेऊन धुळ्याला. वसतिगृह स्वच्छ, रेक्टरबाई मायेच्या. खोट काढायला जागा नाही. कॉलेजात म्हणाले, प्रवेश देऊ, पण आमच्याकडचे विषय वेगळे; बायोलॉजी सोडावं लागेल. मंगलला नर्सिंगला जायचंय.
परतताना पारोळ्याला बस थांबली. मग म्हणाली, 'जागा चांगली आहे. मला नको.' थोड्या वेळानं, 'पण बाकीच्यांचं माझ्यामुळे काही झालं तर तेही नको.'
सतरा वर्षांची पोर.

२८ मे
पाटील मॅडमना पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा साधं लिहिलं. वय मी चुकीचं सांगितलं, संस्थेला माहीत नव्हतं, चिठ्ठीची प्रत सोबत. कोठारीभाऊंना फोनवर वाचून दाखवलं. 'अडवत नाही, ताई. सही मात्र करणार नाही.'

२९ मे
महापालिकेत मंगलही आली. नको म्हटलं तरी आली, बाहेर बाकावर बसली.
पाटील मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. चिठ्ठी उजेडात धरली.
'दहावीच्या सर्टिफिकेटवरही हेच वर्ष आहे. ते कोण बदलणार?'
'माहीत नाही.'
'आणि हे मी आवक रजिस्टरमध्ये नोंदवलं तर सगळ्यांच्या फाइली मागवाव्या लागतील, हे कळतंय ना तुम्हाला?'
'हो.'
'मग परत घ्यायचं असेल तर आत्ता घ्या.' पत्र माझ्याकडे सरकवलं. दरडावून नाही. थकलेल्या दिसत होत्या.
माझा हात टेबलावर होता. पुढे गेला नाही, मागेही आला नाही. तेवढ्यात दारातून मंगल, 'मॅडम, मी आत येऊ? माझंच चाललंय ना?'
मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. पत्र आमच्या दोघींच्या मध्ये, तसंच. मग शिपायाला म्हणाल्या, 'आणखी एक खुर्ची आण.'