वहीतला ओला धागा

लंडन, २९ एप्रिल १९५३

प्रिय विल्फ्रेड,

बरा आहेस ना? शाळेतली पोरं फार छळत नसतील, अशी आशा. इथे मिठाईचं रेशन उठल्यापासून अख्खी प्रयोगशाळा टॉफी चघळत असते. आईचे गुडघे दुखतात. राणीच्या राज्याभिषेकासाठी शेजारीण आत्तापासून पताका शिवायला बसली आहे.

दीड वर्षाने पत्र लिहायला पताकांचं निमित्त पुरत नाही, हे मलाही कळतं.

केंब्रिजवाल्यांचा डीएनएवरचा लेख वाचला असशीलच. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन साखळ्या, साखर-फॉस्फेटचा कणा बाहेर, आत जोड्या: ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. जोड्यांचं तुला सुचलं नव्हतं. पण पीळदार साखळ्या आणि बाहेरचा कणा? तुझ्या पत्र्याच्या नमुन्यात तेच होतं! आपले प्रमुख डॉ. हॅलम बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "अहो, हा गोल जिना तुमच्या डोक्यात आहे, फोटोत कुठाय?" सगळे हसले. तू गप्प राहिलास, कारण मी काढलेला क्ष-किरण फोटोच तुझ्याविरुद्ध होता. डीएनएच्या ओल्या धाग्याची फुलीसारखी नक्षी उमटायला हवी होती, ती नव्हती. तू नमुना स्वतःच्या हाताने मोडलास आणि नोकरी सोडलीस.

विल्फ्रेड, तो धागा ओला नव्हता.

धागा ओला राहावा म्हणून कॅमेऱ्यात जाणारा वायू मिठाच्या पाण्याच्या बाटलीतून सोडायचा आणि ते पाणी आटू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. त्या शनिवारी मी चार तास जागेवर नव्हते. लग्नानंतर राहायला खोली बघायला गेले होते, आपल्या दोघांसाठी. परतले तर बाटली कोरडी ठणठणीत. धागा सुकला की आतली रचनाच बदलते, हे मला ठाऊक होतं. तरी पाणी भरलं आणि वहीत लिहिलं, 'पूर्ण वेळ ओला'. वाटलं, सोमवारी गुपचूप दुसरा फोटो काढू. सोमवारी मी यायच्या आत तू तो पहिलाच फोटो बैठकीला घेऊन गेलासुद्धा. मग माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लग्न मोडताना तू म्हणालास, "हरलेल्या माणसाबरोबर आयुष्य काढू नकोस, आयव्ही." तेव्हाही मी नुसती रडले.

आज डॉ. हॅलमना सगळं लेखी दिलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "मिस टॅरंट, रचना सापडली आता. याने कुणाला काय फरक पडतो?"

तुला पडतो. क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही. तू हरला नव्हतास, एवढं माझ्या हातचं वाच.

जिच्या वहीवर तू स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवलास, ती
आयव्ही