दीड इंच खाली

७ जानेवारी २०२५, मंगळवार

शेवटी गाडी जॅकवर चढली! चिरागनं म्हसळ्याच्या त्याच्या गॅरेजात चारही चाकं काढली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या म्हातारीला नाचायला उभं केलंय. आमची फियाट माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, मान्य. पण प्रीतमनंच मागवलेल्या स्प्रिंगा तांदळाच्या कणगीमागे खोक्यात पडून होत्या. पुढच्या दोन, आखूड आणि कडक. चार नवे शॉकॲब्सॉर्बर. मागच्या पात्यांच्या कमानींसाठी लोखंडी ठोकळे. नवरा गेला, खोकं राहिलं.

"वहिनी, दीड इंच खाली घेऊ. त्याच्याखाली नको. इथले गतिरोधक पोट फाडतील."

"दीड तर दीड. मला ती वळणात झुकायला नकोय, एवढंच."

"कुठल्या वळणात?"

सांगितलं नाही.

८ जानेवारी

सासूबाईंना गाडीचं कळलं. दिवसभर बोलल्या नाहीत. सुपारी सोलत बसल्या.

मीही बोलले नाही. वर्ष होत आलं, एका घरात दोघीच राहतो आणि भाजीत मीठ बरोबर आहे का, यापलीकडे आमच्यात काय बोलणं होतं? खोल्यांत पर्यटक उतरले की दोघी गोड हसतो. ते गेले की आपापल्या खोलीत. दिवेआगरला येणाऱ्यांना वाटतं, किती छान जोडी सासू-सुनेची!

१० जानेवारी

झोप नाही. लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात सारखं फिरणार नाही.

गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारी. संध्याकाळी प्रीतम वाडीत नारळ मोजता मोजता छाती धरून बसला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायला नको म्हणून आम्ही त्याला फियाटमध्ये मागे आडवं केलं. डोकं आईंच्या, सासूबाईंच्या मांडीवर. मी चालवत होते. बोर्ली सोडली, घाट चढलो आणि मग उतार लागला. प्रत्येक वळणाला गाडी बाहेरच्या अंगाला अशी कलायची की वाटायचं, गेली आता दरीत. वेग घेतला की मागून आई ओरडायच्या, "हळू घे! प्रीतम म्हणतोय, हळू घे!" इंजिनाच्या आवाजात मला त्याचं काही ऐकू येत नव्हतं. तो आईंना सांगायचा, आई मला सांगायच्या. मी आरशात बघायचे, तर आई त्याच्यावर वाकलेल्या, सारख्या बोलताहेत, "हां बाळा, आला म्हसळा, आला." उतारालाच त्यांनी मागून हात घालून आरसा छताकडे वळवला. "मावळतीचं ऊन डोळ्यांवर येतंय तुझ्या. तू रस्ता बघ."

मी हळू घेतली. त्यानं सांगितलं म्हणून घेतली.

दवाखान्यात कोणीतरी म्हणालं, जरा आधी आणायला हवं होतं. कोण म्हणालं तेही आठवत नाही. शब्द मात्र रोज आठवतात.

गाडी वळणाला धरून चालली असती, तर मी दामटली असती. आई ओरडल्या नसत्या, तरी दामटली असती. यातलं कुठलं खरं, ते मला बघायचंय. त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला. बस.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ दिला-घेतला. "गोड बोल" म्हणाल्या सासूबाई. मला हसूच आलं. त्यांनाही आलं असावं, पदर तोंडाला लावला.

१७ जानेवारी

गॅरेजात गेले होते. पुढच्या जुन्या स्प्रिंगा काढल्यात. मी विचारलं, याच कापून आखूड करता आल्या नसत्या का? चिराग चिडलाच. "गॅसकटर लावला की स्प्रिंग मेली, वहिनी. तापवलेलं पोलाद परत पहिल्यासारखं होत नाय." पनवेलला सात-आठ वर्षं काढून आलाय, वायफळ बडबड नाही. मागच्या कमानीतलं एकेक पातंही काढलं. ती पाती जमिनीवर पडली होती, वाकलेली, गंजलेली. या पात्यांवर आम्ही तिघं त्या दिवशी होतो.

मग त्यानं मागच्या सीटखालून एक चप्पल काढली. "ही टाकू का?"

प्रीतमची. डाव्या पायाची. दुसरी वाडीतच राहिली होती.

"आहे तिथं ठेव."

त्यानं ठेवली. चांगला मुलगा आहे. प्रश्न विचारत नाही.

१८ जानेवारी

कमानीची पाती घरी आणली. सासूबाई पहिल्यांदा आपणहून बोलल्या! "कमानीचं पोलाद फुकट टाकतात व्हय? लोहाराकडं दे. वाडीला दोन कोयते होतील." म्हटलं, देते. नुसता राग राग करून काय होणार, नारळ तर सोलावेच लागतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

गाडी मिळाली!! खाली बसलीय, रुबाबदार दिसते. दारातून आत शिरताना पायरीसारखं चढावं लागायचं, आता बसलं की झालं. चाकांचं अलाइनमेंट करून दिलंय. निघताना चिरागनं आरसा सरळ केला. "छताला बघून चालवता काय?" कोपऱ्यावरून वळल्याबरोबर मी तो परत वर केला. मला मागचं काही बघायचं नाही.

येताना घाटात मुद्दाम वेग ठेवला. गाडी झुकतच नाही! जमिनीला चिकटून वळते. मला रडू आलं. असं व्हायचं होतं, तर वर्षभर आधी का नाही झालं? खोकं तेव्हाही घरातच होतं. "पावसाळ्यानंतर करू" म्हणायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

आणि घाट उतरताना चप्पल सरकली. सीटखाली, सर्रकन, या बाजूची त्या बाजूला. मागं कुणीतरी पाय हलवल्यासारखं वाटलं.

२६ जानेवारी

पुन्हा घाट. थोडी अजून वेगात. चप्पल अजून जोरात सरकते. चिरागला फोन केला, म्हटलं गाडी सपाट राहते, मग आतलं का सरकतं? तो हसला. "वहिनी, गाडी नाय झुकली तरी वळण हाय ना. वेगात घेतलं की आतलं बाहेर फेकणारच. ते कुठलीच स्प्रिंग थांबवत नाय."

चप्पल काढून ठेवावी, एवढीच गोष्ट. काढत नाही.

२९ जानेवारी

आज म्हसळ्याच्या अलीकडे समोरून टेम्पो आला. मी वळणात त्याच्या बाजूला होते. कशी वाचले, गाडीला माहीत. अंगठाभर जागा राहिली असेल. थांबले, तरी डोक्यात एकच — त्या दिवशी ही स्प्रिंग असती, तर इथपर्यंत तो बोलत असता.

मागून स्पष्ट ऐकू आलं, "हळू घे." आवाज त्याचाच. मी वळून बघितलं नाही. आवाज त्याचा होता, हे मला पुरतं.

३१ जानेवारी

चिराग घरी आला होता म्हणे, मी बाजारात असताना. टेम्पोवाला त्याचा ओळखीचा निघाला. त्यानं सासूबाईंना सगळं सांगितलं. रायगड जिल्ह्यात गुपित ठेवायचं तर समुद्रात नेऊन पुरावं लागतं, तेही मासे सांगतील.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "नऊ तारखेला तू त्याच रस्त्यानं जाणार, कळतंय मला. मी पण येणार गाडीत."

"कशाला? परत हळू घे म्हणायला?"

हे मी तोंडावर बोलले. वर्षभर गिळलं होतं, ते बाहेर पडलं. सासूबाई भात कालवत म्हणाल्या, "व्हय. त्याच्यासाठीच."

४ फेब्रुवारी

कोयते आले लोहाराकडून. धार चांगली आहे. सासूबाईंनी एक माझ्या खोलीबाहेर ठेवला, एक स्वतःकडे. दुसरी कुठली सासू सुनेच्या दारात कोयता ठेवून गेली असती, तर गावभर चर्चा झाली असती!

६ फेब्रुवारी

पर्यटकांना नाही म्हटलं. नऊला खोल्या बंद.

९ फेब्रुवारी, रविवार

आत्ता आलोय. आई आत आहेत, दिवा लावताहेत.

त्याच वेळेला निघालो. आई मागे डावीकडे, तेव्हा बसल्या होत्या तिथंच. मांडीवर पिशवी घट्ट धरून. म्हातारी घरंगळली तर कळावं म्हणून मी आरसा आपणहून सरळ केला. वर्षानंतर पहिल्यांदा. बोर्लीपर्यंत आरशात नुसतं ऊन, लालभडक, डोळे दिपवणारं. चढावरही मधूनमधून येत होतं. मी वेग धरला. आई एक शब्द बोलल्या नाहीत. दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसल्या.

डोंगर ओलांडला. उतार लागला.

आणि आरशात ऊन नाही!

डोंगर मागं राहिला ना. सूर्य त्याच्या पलीकडे. खाली म्हसळ्यापर्यंत सगळी सावली. आरशात फक्त आईंचा चेहरा, स्वच्छ, सुरकुती न् सुरकुती दिसेल असा. त्या दिवशी इथंच, याच उतारावर, त्यांनी हात घातला होता. "मावळतीचं ऊन येतंय."

कुठलं ऊन?

मी गाडी कडेला घेतली. आईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घातली. म्हसळ्याला न जाता तिथूनच गाडी वळवली. येताना इतकी हळू चालवली की चप्पल जागची हलली नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी चहा देताना विचारलं. "आई, तिथं ऊन नव्हतं."

"न्हवतं. सारखी आरशात बघत व्हतीस. तू बघू नये म्हणून वळवला."

"म्हणजे तो उतारालाच...?"

"न्हाय गो. बोर्लीच्या बाजारातच गेला. माझ्या मांडीवर. तुला सांगितलं असतं, तर तू स्टेअरिंग सोडलं असतंस. एक गेला व्हता, दुसरी कशी घालवू?"

"मग तो म्हणत होता ना, हळू घे?"

कप खाली ठेवला त्यांनी. "अख्खा घाट, दोन्हीकडचं मीच बोलत व्हते."