पन्नासच्या वाटीत सत्तेचाळीसचा गुंडू

मी वसुमती, कै. सूर्यनारायणराव यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, राहणार करंतै, तंजावूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो माझ्या डोक्याबद्दल आहे, गुडघ्यांबद्दल नाही. मजकूर देवनागरीत आहे, कारण वडिलांनी ही लिपी मला छडी घेऊन शिकवली आणि ते छड्या खाणे फुकट जाऊ नये. आमच्या घरात ती वाचू शकणारी दुसरी फक्त कीर्तना आहे. बाकीच्यांनी तिच्याकडून ऐकावे आणि मध्ये बोलू नये.

याआधीचे मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते. ते रद्द समजावे.

कलम एक. राहते घर, बँकेतील ठेवी व माझे दागिने माझी मुलगी भुवना हिला मिळावेत. मी मराठीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते. पन्नास वर्षे आमचे असेच चालले आहे आणि कधी काही अडले नाही. फक्त तिने मागच्या अंगणातले कढीपत्त्याचे झाड तोडू नये.

कलम दोन. तिरुवैयारु रस्त्यावरची शेड, जीप, जनरेटरचे दोन्ही ट्रेलर आणि भाड्याने जनरेटर देण्याचा सारा व्यवसाय कीर्तना हिला मिळावा. कीर्तना ही माझे धाकटे दीर अनिरुद्धराव यांची नात. भुवनाला हे आधीच सांगितले आहे. तिला डिझेलचा वास सोसत नाही. दिराशी बावीस वर्षे धड न बोललेल्या बाईने त्यांच्याच नातीला सगळे का द्यावे, हे विचारणाऱ्यांसाठी पुढचे कलम आहे.

कलम तीन. हे कलम मालमत्तेचे नाही, माझ्या नावाचे आहे. मला ते मालमत्तेहून मोठे वाटते.

जीपच्या मागच्या चौकोनी नळीत जो लोखंडी दांडा सरकवतात त्याला बॉल माउंट म्हणतात. त्याच्या टोकावर गोळा असतो. आमच्या शेडमध्ये त्याला गुंडू म्हणतात. ट्रेलरच्या तोंडाची वाटी त्या गुंडूवर बसते. आमच्या ट्रेलरची वाटी पन्नास मिलिमीटरची. शेडमध्ये सत्तेचाळीसचाही एक गुंडू आहे, जुन्या परदेशी ट्रेलरचा. पन्नासच्या वाटीत तो बसतो, खटका लागतो, आणि पहिल्या मोठ्या उंचवट्यावर वाटी उडते.

दोन हजार तीन सालच्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सगळी हत्यारे धुऊन, गंध-कुंकू लावून फळीवर मांडली होती. गुंडूंवरही बोटभर जाड गंध. गुंडूचा आकडा माथ्यावर कोरलेला असतो, तो गंधाखाली गेला. दुसऱ्या दिवशी मी देवळात होते आणि आमचे मेकॅनिक सुब्रमण्यम गावी गेले होते. अनिरुद्धरावांनी उत्साहाने फळीवरचा सर्वांत चकचकीत गुंडू उचलला, जोडला आणि जनरेटर घेऊन निघाले. वाटी सुटलीच तर ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळ्यांना फुले वाहिली होती, म्हणून त्या लावल्याच नाहीत. वेण्णार नदीच्या पुलाअलीकडे जनरेटर कालव्यात गेला. सुदैवाने त्याखाली माणूस कोणी सापडला नाही. परत येऊन त्यांनी गुंडू फळीवर होता तिथे ठेवला आणि सर्वांसमक्ष सांगितले, "जोडणी वैनीनंच करून ठेवली होती."

मी ओरडले, रडले. माझ्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता. तेव्हापासून आमच्या घराण्यात डब्याचे झाकण निसटले तरी "वसुमतीची जोडणी" म्हणून हसतात. लग्नात, बारशात, माझ्यासमोर. बावीस वर्षे मी ते ऐकले, आणि मला प्रत्येक वेळी लागले.

यंदाच्या विजयादशमीला सगळे शेडमध्ये जमले होते. अनिरुद्धराव कॉफीचा डवरा हातात धरून म्हणाले, "वैनी, आज तरी नीट जोडा हं!" सगळे हसले.

मी म्हटले, "भावजी, तुम्हीच जोडा की."

फळीवर तीन माउंट गंध लावून मांडलेले. त्यांनी पुन्हा सर्वांत चकचकीतच उचलला. कीर्तना तोंड उघडणार होती. मी तिचे मनगट धरले. वाटी बसली, खटका वाजला. "बघा, कसं चोखोट बसलं!" म्हणाले.

"आता ट्रेलरच्या तोंडाचा जॅक फिरवा," मी म्हटले. जोडणी खरी असेल तर ट्रेलरबरोबर जीपचे बूडही वर उचलले जाते. जीप हलली नाही. वाटी मात्र गुंडू सोडून अलगद वर आली. मी पदराने गंध पुसले. सत्तेचाळीस.

त्यांनी जॅकवरचा हात काढला. "अय्यो वैनी," ते सर्वांसमक्ष म्हणाले, "त्या दिवशीही हाच होता. मला तेव्हाच कळलं होतं. बोलायला तोंड झालं नाही."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. मी सगळ्यांना दुसऱ्यांदा कॉफी केली आणि साखर जास्त घातली.

मग कीर्तना न सांगता पुढे झाली. आधी तिने उरलेल्या दोन्ही गुंडूंवरचे गंध पुसून आकडे वाचले: दोन्ही पन्नास. मग गुंडू, माउंट आणि जीपची नळी, तिन्ही किती वजन सोसतात ते पाहिले आणि सर्वांत कमी आकडा धरला. ट्रेलर सपाट जमिनीवर समांतर उभा करून वाटीची आणि नळीची उंची मोजली. नळी चार बोटे वर होती, म्हणून तेवढाच खाली उतरणारा माउंट घेतला. तोंड वर करून धावणारा ट्रेलर शेपटी हलवतो. तोंडावर एकूण वजनाचा दहावा भाग येतो का तेही तपासले. नळीतली पिन आणि तिची क्लिप लावली, साखळ्या तोंडाखालून एकमेकींवरून नेल्या, दिवे पेटवून पाहिले आणि शेवटी जॅक फिरवला. जीपचे बूड उचलले गेले. अनिरुद्धरावांनी टाळी वाजवली. व्यवसाय कोणाला, हे तिथेच ठरले.

कलम चार. कीर्तनाला एकच अट. आयुधपूजेला गुंडूंना गंध जरूर लावावे, पण बाजूला. आकड्यावर नाही.

कलम पाच. सत्तेचाळीसचा गुंडू अनिरुद्धरावांना मिळावा असे मी लिहिणार होते. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला त्यांची सही हवी आहे. म्हणून गुंडू आज सकाळीच त्यांच्या हातात दिला. सुब्रमण्यमनाही त्यांची हत्यारे गेल्या महिन्यातच दिली आहेत. या कागदाने दोघांनाही काहीही मिळत नाही.

सर्व मजकूर कीर्तनाने दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. कोणी मध्ये बोलले नाही. मी दोघांसमोर सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी केल्या.

ठिकाण: करंतै, तंजावूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: वसुमती

साक्षीदार एक: सुब्रमण्यम, मेकॅनिक (सही तमिळमध्ये)

साक्षीदार दोन: अनिरुद्धराव (सही तमिळमध्ये). सहीच्या वर त्यांनी एक ओळ घालायला सांगितली, ती त्यांच्याच शब्दांत मी लिहीत आहे: "कलम तीन ऐकलं. खरं आहे. ती जोडणी माझ्या हातची, वैनीची नव्हे."